फ्रिजच्या दारातलं पाणी बंद झालं? पार्ट मागवण्याआधी हे तपासा

ग्लास धरला, दांडी दाबली आणि पाणी आलंच नाही, की बहुतेक लोक एकतर नवा फिल्टर मागवतात, नाहीतर इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे फ्रिजमध्ये पाणी सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. पैसे जातात, अवजड फ्रिज ओढून बाहेर काढावा लागतो आणि एवढं करून दोष भलतीकडेच निघतो. आमच्या डिस्पेन्सरची, म्हणजे दारातून पाणी देणाऱ्या या सोयीची, दुखणी निस्तरता निस्तरता माझं एक मत पक्कं झालं आहे: दोष पाण्याच्या वाटेत आहे की विजेच्या वाटेत, एवढं आधी ठरवलं की निम्मं काम झालं. आणि ते ठरवायला एकही स्क्रू काढावा लागत नाही.

म्हणून आधी या दोन वाटा समजून घ्या.

पाण्याची वाट अशी: भिंतीवरचा किंवा सिंकखालचा कॉक, तिथून फ्रिजच्या मागे जाणारी बारीक नळी, फ्रिजच्या पाठीशी तळाला असलेला इनलेट व्हॉल्व्ह, फिल्टर, आतली छोटी साठवण-टाकी, मग दाराच्या बिजागरीतून दारात चढणारी नळी आणि शेवटी तोटी. काही मॉडेलमध्ये फिल्टर व्हॉल्व्हच्या आधी असतो, काहींत नंतर. नळाला जोडलेल्या बहुतेक फ्रिजमध्ये पंप नसतो, हे इथे लक्षात ठेवा. पाणी वर चढतं ते घरातल्या नळाच्या दाबावर.

विजेची वाट उलट दिशेने जाते. तुम्ही दांडी दाबता, तिच्यामागचा छोटा स्विच जुळतो, बोर्डाला (फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला) कळतं, बोर्ड दार बंद असल्याची खात्री करतो आणि मग व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज देतो. कॉइल चुंबक बनते, आतली दट्ट्या उचलली जाते, पाणी सुटतं. दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या असतील तरच ग्लास भरतो.

१. तुमचा फ्रिज कोणत्या जातीचा?

डिस्पेन्सरच्या दोन जाती आहेत. पहिलीत फ्रिजला मागून नळी जोडलेली असते. दुसरीत नळी नसते, दाराच्या आतल्या बाजूला टाकी असते आणि ती हाताने भरावी लागते. नेटवर मिळणारा बहुतेक सल्ला पहिल्या जातीचा असतो. टाकीवाल्यांनी तो वाचून व्हॉल्व्ह शोधत बसू नये, कारण त्यांच्याकडे तो विजेचा व्हॉल्व्ह बहुधा नसतोच. टाकीवाल्यांनी तिसरी पायरी पाहावी, त्यांचं काम तिथेच संपेल.

२. काय काय जवळ ठेवायचं

वस्तू:
- टॉर्च, बादली, दोन-तीन जुने टॉवेल
- पेचकस आणि छोटा ॲडजस्टेबल पाना
- मोजपट्टी असलेला कप आणि सेकंद दाखवणारं घड्याळ
- केस वाळवायचा ड्रायर
- मल्टिमीटर (नसेल तरी आठव्या पायरीपर्यंत बहुतेक अडत नाही)
- फिल्टरबरोबर किंवा फ्रिजबरोबर आलेलं बायपास प्लग (फिल्टरच्या जागी बसवायचं बूच), असेल तर

कागद:
- फ्रिजची पुस्तिका. हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून मिळते.
- मॉडेल आणि सिरीयल नंबर. हे सहसा आतल्या बाजूच्या भिंतीवर स्टिकरवर असतात. त्याचा फोटो आताच काढून ठेवा, पुढे दर वेळी लागतो.
- खरेदीची पावती आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटी चालू असेल तर सहाव्या पायरीपलीकडे स्वतः काही उघडू नका.

सुरक्षेच्या तीन गोष्टी सांगून ठेवतो. काहीही उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं पॅनलवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. नळी सोडण्याआधी कॉक बंद करा. आणि आतल्या भिंतींवर चाकू, सुरी, पेचकस चालवू नका. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा वायू शीतक म्हणून असतो आणि तो पेट घेतो. मागच्या किंवा कंप्रेसरवरच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं. बर्फ खरवडताना त्याची नळी फुटली, तर पाण्याचा प्रश्न बाजूलाच राहील.

३. टाकी भरायचा फ्रिज असेल तर

या जातीतल्या साध्या मॉडेलमध्ये पाणी फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. दांडी दाबली की टाकीच्या तळाचा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह उघडतो. विजेचा काही संबंध नसतो, वीज गेलेली असली तरी पाणी यायला हवं. म्हणजे दोषही हाताला लागेल असाच असतो.

टाकी पूर्ण बाहेर काढा आणि पुन्हा बसवा. साफसफाईनंतर पाणी बंद झालं असेल तर दहातले नऊ वेळा टाकी नीट बसलेली नसते. तळाचा व्हॉल्व्ह दारातल्या भोकावर बरोबर यायला हवा आणि टाकी दोन्ही कडांना दाबून बसायला हवी. मग झाकण पाहा. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पाणी थेंबथेंब येतं किंवा थांबतं. खात्री करायची असेल तर झाकण किंचित उघडं ठेवून दांडी दाबा. धार सुटली की कारण सापडलं.

व्हॉल्व्हभोवती सिलिकॉनची किंवा रबराची रिंग असते. ती वळली असेल तर पाणी गळतं, हरवली असेल तर दारात साचतं. पाणी जड असेल तर व्हॉल्व्हवर पांढरे क्षार चढतात आणि स्प्रिंग अडकते. व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात टाकीचा तळ काही तास भिजवा, मऊ ब्रशने घासा आणि वास जाईपर्यंत धुवा. टाकीत कढत पाणी, सरबत किंवा सोडा भरू नका, पुस्तिकेत हे कुठेतरी लिहिलेलं असतंच. आणि फ्रिजचं तापमान फार खाली नेलं असेल तर टाकीची नळी गोठते. ३ ते ४ अंश सेल्सिअस पुरेसं आहे.

टाकीबरोबर पंप असलेली मॉडेलंही असतात. दांडी दाबल्यावर पंपाची घरघर ऐकू आली आणि पाणी आलं नाही, तर बहुधा पंपात हवा अडकलेली असते किंवा टाकी पंपाच्या तोंडावर नीट बसलेली नसते.

४. काहीही उघडण्याआधी: कुलूप, दार, मोड

हे एका मिनिटात होतं, म्हणून लोक टाळतात.

डिस्पेन्सरचं कुलूप. पॅनलवर छोटं कुलपाचं चिन्ह पेटलं आहे का पाहा. बहुतेक फ्रिजमध्ये ते बटण साधारण ३ सेकंद दाबून धरलं की सुटतं. घरात लहान मूल असेल किंवा कोणी नुकतंच पॅनल पुसलं असेल तर संशय इथूनच सुरू करा. कपड्याने पुसतानाही टच बटण दाबलं जातं.

दार. दार पूर्ण मिटलेलं नसेल तर बोर्ड पाणी सोडत नाही, कारण नाहीतर ते घरभर सांडेल. भाजीचा ड्रॉवर अर्धवट बाहेर असेल तर दार दिसायला बंद असतं, पण बोर्डाच्या लेखी उघडंच. फ्रीझर आणि फ्रिज अशी दोन्ही दारं तपासा.

मोड. काही फ्रिजमध्ये सुट्टीचा मोड असतो, काहींत सब्बाथ मोड (ज्यू धर्मीयांच्या विश्रांतीच्या दिवसासाठीचा). सब्बाथ मोडमध्ये दिवे आणि डिस्पेन्सर मुद्दाम बंद ठेवले जातात. कोणीतरी दोन बटणं एकत्र दाबली की तो चुकून चालू होऊ शकतो आणि मग फ्रिज थंड करतो, पण बाकी कशालाही दाद देत नाही. पुस्तिकेत तो बंद कसा करायचा ते पाहा.

तरीही फरक नसेल तर प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. बोर्ड अडकला असेल तर एवढ्याने सुटतो. सुटला, तरी पुढच्या काही दिवसांत पुन्हा असं झालं का ते लक्षात ठेवा, कारण वरचेवर अडकणारा बोर्ड हा वेगळा दोष आहे.

५. कान लावा, मग बर्फ पाहा

माझ्या मते या सगळ्या लेखातली ही सर्वांत कामाची पायरी. घरातल्या कुणाला तरी दांडी दाबायला सांगा आणि तुम्ही फ्रिजच्या मागे, खाली कान लावून उभे राहा. स्वयंपाकघरातले पंखे, मिक्सर, टीव्ही बंद.

काहीच आवाज आला नाही, तर वीज व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. स्विच, दाराचा स्विच, वायर, बोर्ड किंवा जळालेली कॉइल. फिल्टर बदलून काहीही होणार नाही.

बारीक घूंऽऽ असा आवाज आला आणि पाणी नाही, तर वीज पोहोचते आहे, पाणी पोहोचत नाही. कॉक, मुडपलेली नळी, फिल्टर, गोठलेली नळी किंवा आतून अडकलेला व्हॉल्व्ह.

पाणी येतं, पण नेहमीपेक्षा बारीक धार, तर फिल्टर किंवा दाब. विजेकडे बघूच नका.

आता बर्फ. फ्रिजमध्ये आइसमेकर, म्हणजे आपोआप बर्फ बनवणारा भाग, असेल तर तो अर्धी परीक्षा आपोआप घेऊन देतो. बर्फ आणि पाणी दोन्ही बंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे कॉक, मागची नळी, फिल्टर किंवा व्हॉल्व्हचं तोंड. बर्फ होतो आणि पाणी नाही, तर हे सगळं जवळपास निर्दोष ठरतं. मग उरतात दारातली गोठलेली नळी, पाण्याची वेगळी कॉइल आणि दांडीचा स्विच.

इथे एक फसगत आहे. बर्फाचा डबा भरलेला दिसतो, म्हणून लोक म्हणतात बर्फ होतोय. तो जुना बर्फ असू शकतो. डबा रिकामा करा आणि एक दिवस थांबून नवा बर्फ पडतो का ते पाहा. तसंच, आइसमेकरला एका वेळी फारच थोडं पाणी लागतं, त्यामुळे अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही बर्फ होत राहतो. फक्त खडे लहान, पोकळ किंवा एका बाजूने अर्धे दिसतात. असे खडे दिसले तर 'बर्फ होतो' या उत्तराला अर्धेच गुण द्या.

६. पाणी फ्रिजपर्यंत येतं का?

घराचा मुख्य नळ चालू आहे ना, सिंकखालचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, हे पाहा. घरात प्लंबिंगचं काम झाल्यावर हा कॉक अर्धवट उघडा राहणं अगदी नेहमीचं. पाइपला पकड लावून सुईने भोक पाडणारा सॅडल व्हॉल्व्ह असेल तर त्याच्यावर विशेष लक्ष ठेवा. ते बारीक भोक क्षारांनी आणि गाळाने हळूहळू बुजतं. पाव इंची बॉल व्हॉल्व्ह कायमचा बरा.

फ्रिज सावकाश पुढे ओढा. मागची नळी सहसा पाव इंच, म्हणजे साधारण ६.३५ मिलीमीटर जाडीची असते. फ्रिज भिंतीला टेकला की ती चिमटते. मुडपलेल्या जागी प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटलेली असेल तर नळी सरळ करून उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो.

आता खरी चाचणी. कॉक बंद करा, प्लग काढा, फ्रिजच्या मागची नळी सोडा. दाबून बसवलेला जोड असेल तर त्याची छोटी रिंग आत दाबून धरायची आणि नळी सरळ ओढायची. नुसती ओढली तर तुटेल. नटाचा जोड असेल तर पाना लागेल. नळीचं टोक बादलीत घट्ट धरून कॉक हळू उघडा. जोरदार, न तुटणारी धार आली पाहिजे. नाही आली, तर फ्रिजला दोष देऊ नका, प्लंबरला बोलवा.

फ्रिजला साधारण २० ते १२० पीएसआय म्हणजे १.४ ते ८.३ बार दाब लागतो, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत असेल. फ्रिजच्या आधी आरओ बसवला असेल तर चित्र बदलतं. आरओमधून पाणी सावकाश निघतं आणि त्याची टाकी रिकामी झाली की दाब कोसळतो. स्वयंपाकासाठी आत्ताच दोन भांडी भरून घेतली असतील तर फ्रिजची धार बारीक होणारच. टाकी भरू द्या आणि मग तपासा. आरओ आणि फ्रिजचा फिल्टर असे दोन्ही एकामागोमाग असतील, तर काही कंपन्यांच्या पुस्तिका फ्रिजचा फिल्टर काढून टाकायला सांगतात.

७. फिल्टर

फिल्टरचा लाल दिवा बहुतेक फ्रिजमध्ये फक्त घड्याळ असतो. किती महिने झाले किंवा किती पाणी गेलं, एवढंच तो मोजतो; आत किती गाळ अडकला आहे ते त्याला कळत नाही. म्हणून लाल दिवा म्हणजे तुंबला असं नाही आणि हिरवा म्हणजे स्वच्छ असंही नाही. गढूळ पाणी असेल तर ६ महिन्यांची मुदत संपायच्या कितीतरी आधी फिल्टर बसतो.

तपासणी सोपी आहे. फिल्टर काढा. काही फ्रिजमध्ये फिल्टर काढला की पाणी आपोआप सरळ पुढे जातं, काहींत बायपास प्लग लावल्याशिवाय पाणी जातच नाही. तुमचा कोणता ते पुस्तिकेत पाहा, नाहीतर फिल्टर काढूनही पाणी येत नाही म्हणून तुम्ही उगाच पुढे शोधत बसाल. फिल्टरशिवाय पाणी जोरात आलं, तर दोष फिल्टरचाच. ही चाचणी केल्याशिवाय नवा फिल्टर मागवू नका.

धार मोजायचीही पद्धत आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत दिलेला निकष असा की एक कप, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर पाणी ८ सेकंदांत भरलं पाहिजे. ९ किंवा जास्त सेकंद लागले तर दाब कमी आहे. एकदा फिल्टरसकट आणि एकदा फिल्टरशिवाय मोजा. दोन्ही वेळा सारखंच लागलं तर फिल्टर निर्दोष, सहाव्या पायरीकडे परत जा.

नवा फिल्टर बसवल्यावरच पाणी बंद झालं असेल तर ही चार कारणं पाहा. वरची प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी काढायची राहिली. फिल्टर शेवटपर्यंत फिरला नाही; शेवटी 'टक' ऐकू यायला हवं. मॉडेल जवळचं आहे, पण तेच नाही. किंवा फिल्टर नकली आहे. काही फ्रिजमध्ये फिल्टरवरची चिप वाचली जाते आणि ओळख पटली नाही की पाणी सोडलं जात नाही. खरेदी करताना एनएसएफ/एएनएसआय ४२ आणि ५३ हे फिल्टरच्या दर्जाच्या मानकांचे क्रमांक शोधा. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे शिशासारखे आरोग्याला घातक पदार्थ. कुठल्याही फिल्टरवर दोन्ही असतातच असं नाही.

नव्या फिल्टरमध्ये हवा असते, म्हणून सुरुवातीला पाणी थुंकल्यासारखं येतं आणि कोळशाच्या भुकटीने काळपट दिसतं. ५ सेकंद दाबा, ५ सेकंद सोडा, असं करत १० ते १५ लिटर पाणी टाकून द्या. दांडी सलग दाबून ठेवू नका, व्हॉल्व्हची कॉइल तापते.

८. दारात गोठलेली नळी

डिस्पेन्सर फ्रीझरच्या दारात असेल, व्हॉल्व्ह घूं करत असेल, बर्फ नीट होत असेल आणि पाणी मात्र एकाएकी पूर्ण बंद झालं असेल, तर जवळपास नक्की हेच. तुंबणारा फिल्टर आठवडे घेतो, गोठलेली नळी एका रात्रीत बंद होते. म्हणून 'काल रात्री चांगलं होतं, सकाळी थेंब नाही' असं असेल तर मी फिल्टरकडे बघतच नाही.

कारण असं: दारातली नळी फ्रीझरच्या थंडीपासून फोमच्या पातळ थराने वेगळी ठेवलेली असते. फ्रीझर उणे १८ अंशांवर असायला हवा. कोणीतरी तो उणे २३ वर नेऊन ठेवला, किंवा दाराचं रबर सैल झालं, किंवा डिस्पेन्सर काही दिवस वापरलाच नाही, की नळीतलं उभं पाणी गोठतं. बारीक नळीत एवढासा बर्फाचा गोळाही पुरतो.

खात्री कशी करायची? दाराच्या खाली, तळाच्या बिजागरीपाशी बहुतेक मॉडेलमध्ये नळीचा जोड असतो. पुढची पट्टी काढली की दिसतो. कॉक बंद, प्लग बंद, खाली टॉवेल. जोड सोडा आणि दाराकडे जाणाऱ्या टोकात स्वच्छ स्ट्रॉ लावून फुंका. बहुतेक फ्रिजमध्ये दारात वेगळा व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे हवा सहज वरून बाहेर यायला हवी. गाल फुगले आणि हवा गेली नाही, तर नळी गोठलेली आहे.

वितळवायचे तीन मार्ग आहेत, सोप्यापासून सांगतो.

पहिला, वेळ देणं. फ्रीझर रिकामा करून अन्न बर्फ घातलेल्या पेटीत ठेवा, प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली टॉवेल पसरा आणि काही तास विसरून जा. रात्रभर ठेवलं तर जास्त खात्री. कंटाळवाणं आहे, पण काहीच तुटत नाही, म्हणून मी हाच सुचवतो.

दुसरा, ड्रायर. सर्वांत कमी गरम सेटिंगवर, वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून तोटीच्या पोकळीत आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर फिरवा. एका जागी धरला तर प्लास्टिक वाकतं आणि ते परत सरळ होत नाही. फ्रिजचा प्लग काढलेलाच हवा, पायाखाली पाणी नको. रंग काढायची हीट गन कधीही नाही.

तिसरा, कोमट पाणी. सुई नसलेल्या सिरिंजला बारीक लवचिक नळी जोडून ती दारातल्या नळीत बर्फाला टेकेपर्यंत सरकवा आणि कोमट पाणी थोडं थोडं सोडा. पाणी परत बाहेर येतं, म्हणून बादली हवी. उकळतं पाणी वापरू नका, जोड सैल होतात. धीर धरणाऱ्यांसाठी हा सर्वांत जलद मार्ग आहे.

पाणी सुरू झालं की लगेच फ्रीझर उणे १८ वर आणा. हे केलं नाही तर तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा ड्रायर घेऊन तिथेच बसलेले असाल. दाराचं रबर कागद अडकवून तपासा: दार मिटल्यावर कागद सहज निसटला तर रबर सैल आहे. तापमान बरोबर, रबर घट्ट आणि तरी वरचेवर गोठतं, तर दारातला हीटर गेला असेल किंवा फोम ओलावला असेल. काही मॉडेलसाठी नळीला लावायचा छोटा हीटर मिळतो. तो बसवणं मेकॅनिकचं काम.

फ्रिजच्या भागात, भाजीच्या ड्रॉवरमागे असणारी पाण्याची टाकीही क्वचित गोठते. ड्रॉवरमधली भाजी गोठून काचेसारखी होत असेल तर हा संशय घ्या. उपाय तोच, तापमान ३-४ अंशांवर आणा आणि थांबा.

९. आवाजच येत नसेल तर: स्विच आणि वायर

आता विजेची वाट. दांडी दाबल्यावर डिस्पेन्सरचा दिवा लागतो का? त्याच दांडीने बर्फ पडतो का? दोन्हींपैकी काही होत असेल तर दांडीचा स्विच चांगला आहे, पुढे जा. काहीच होत नसेल तर दांडी दाबताना बारीक 'टक' ऐकू येते का बघा. तिच्यामागे चिकट थर साचून ती पूर्ण आत जातच नाही, असंही होतं. ओल्या कपड्याने पुसा.

दाराचा स्विच: दार उघडून तो बोटाने दाबा, आतला दिवा विझला पाहिजे. नव्या फ्रिजमध्ये स्विच दिसत नाही, चुंबकावर चालतो. तिथे दार हळूहळू मिटत दिवा विझताना फटीतून पाहा.

पॅनल काढून मल्टिमीटरने स्विच तपासता येतो: दांडी न दाबता जोडणी तुटलेली, दाबल्यावर जुळलेली. पण पॅनलच्या खिट्ट्या नाजूक असतात, जुन्या फ्रिजमध्ये हमखास मोडतात. घाई नको. आणि दार विशिष्ट कोनात असतानाच डिस्पेन्सर चालत असेल, तर वरच्या बिजागरीतून जाणारी वायर आतून तुटत आली आहे. हजारो वेळा वाकलेली वायर असते ती. जोडायला मेकॅनिकच बरा.

१०. इनलेट व्हॉल्व्ह, सर्वांत शेवटी

इथपर्यंत आलात म्हणजे पाणी मागपर्यंत जोरात येतं, फिल्टर निर्दोष ठरला, नळी मोकळी आहे. मगच व्हॉल्व्ह.

प्लग काढा, कॉक बंद करा, मागचा खालचा पुठ्ठा किंवा पत्रा काढा. व्हॉल्व्हवर सहसा दोन किंवा तीन कॉइल दिसतात, एक पाण्याची, एक बर्फाची. प्रत्येक नळी आणि वायर कुठे जाते याचा फोटो काढा, कारण अदलाबदल झाली तर दांडी दाबल्यावर आइसमेकर भरेल. कॉइलच्या दोन पिनांवर मल्टिमीटरने रोध मोजा. ११०-१२० व्होल्टच्या कॉइलमध्ये तो साधारण २०० ते ५०० ओहम येतो, २२०-२४० व्होल्टच्या कॉइलमध्ये त्याहून बराच जास्त. नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की मीटर अमर्याद दाखवत असेल तर कॉइल जळाली.

रोध बरोबर आणि आवाजही येतो, पण पाणी नाही? व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती गाळाने भरलेली असू शकते. पाण्याखाली धरून मऊ ब्रशने साफ करा, पण जाळी उपटू नका. नाहीतर तो गाळ आत जाऊन व्हॉल्व्हला कायमचा गळका करतो. कमी दाबानेही व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि तोटीतून थेंब पडत राहतात, म्हणून ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी नवा घालण्याआधी दाब पाहा.

कॉइलवर वीज प्रत्यक्ष येते का हे चालू फ्रिजवर मोजावं लागतं. ते घरी करू नका.

११. पाणी सुरू झाल्यावर

नळी परत बसवताना टोक काटकोनात, स्वच्छ कापलेलं हवं. तिरकं कापलेलं टोक आज बसतं आणि पुढच्या आठवड्यात गळतं. दाबायच्या जोडात नळी शेवटपर्यंत गेली की हलकी मागे ओढून पाहा, निसटता कामा नये. प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून कॉक उघडा. कागद ओला झाला की गळती कुठे आहे ते कळतं. तासाभराने पुन्हा पाहा, आणि तोवर फ्रिज मागे ढकलू नका.

ढकलताना नळीचा मोठा, सैल वेटोळा मागे राहू द्या आणि भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर जागा सोडा. तोटीतून नंतर काही वेळ थेंब पडतील, ती नळीत अडकलेली हवा असते. चार-पाच ग्लास पाणी काढलं की थांबतात. दोन दिवसांनीही थांबले नाहीत तर व्हॉल्व्ह मिटत नाही असं समजा.

१२. मेकॅनिकला बोलावताना

फोनवर 'पाणी येत नाही' एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येऊन बघून जाईल आणि पार्ट घेऊन दुसऱ्यांदा येईल. त्याऐवजी मॉडेल नंबर, दांडी दाबल्यावर आवाज येतो की नाही, नवा बर्फ पडतो की नाही, फिल्टर काढून काय झालं आणि मागच्या नळीला दाब किती आहे, एवढं सांगा. या पाच उत्तरांवरून त्याला बहुतेक कळतं कोणता पार्ट बरोबर आणायचा.

तो बोर्ड बदलायला सांगत असेल तर आधी व्हॉल्व्हवर वीज येत नाही हे मीटर लावून दाखवायला सांगा. बोर्ड हा सर्वांत महाग पार्ट आणि अंदाजाने बदलला जाणाराही. तो दार बदलायला सांगत असेल, म्हणजे फोम ओलावून नळी वारंवार गोठते आहे, तर किंमत विचारल्यावर एकदा शांतपणे हिशेब करा. फ्रिज बाकी सगळा ठणठणीत असेल तर मागचा कॉक बंद करून, दारातली नळी रिकामी करून आणि आइसमेकर असल्यास तोही बंद ठेवून डिस्पेन्सर कायमचा बंद ठेवणारे लोकही कमी नाहीत. थंड करण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.